समेवर न येणारा माणूस

हेन्रिक, तुझ्या मेव्हण्यानं कॉम्प्युटरवर माझा तबला पुसून टाकलाय. डोंबिवलीतल्या आपल्या शेवटच्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग श्रीकांतकडे होतं. त्यातून त्यानं मला अलगद काढून टाकलं, नुसता तुझा डबल बास ठेवला आणि माझ्या फोनवर पाठवून दिला. वर सांगतो, "सदाभाऊ, रविवारी स्टेजवर हेन्रिकला स्पीकरवर लावू. तुम्ही शेजारी बसून त्याच्याबरोबर वाजवा. लोक रडतील." लोकांना रडवायला आपण वाजवतो, हे मला सत्तरी ओलांडल्यावर पहिल्यांदाच कळतंय.

तुला जाऊन अजून महिनाही झालेला नाही आणि तुझ्या नावानं सभा, हार घातलेला फोटो, निवेदन असं सगळं ठरूनही गेलं. तुला काही ठरवलेलं चालत नसे, आणि तुझी आठवण मात्र मिनिटामिनिटानं आखून काढणार. निवेदन श्रीकांतच करणार आहे. त्यासाठी त्यानं मला तुझा जन्म, शिक्षण, मिळालेले सन्मान असलं काय काय विचारलं. मी त्याला म्हटलं, ते तुझ्या बहिणीला, मेधाला विचार. मला माहीत आहे ते एवढंच, की हा माणूस डेन्मार्कहून डोंबिवलीच्या एमआयडीसीत कुठल्याशा कारखान्याचा बॉयलर बसवायला आला, बॉयलर बसला, हाही बसला. मग ठाण्याच्या मेधाशी लग्न करून वर्तकनगरचा जावई झाला आणि उरलेलं आयुष्य मला छळण्यात घालवलं. श्रीकांत म्हणाला, हे असं बोलता येणार नाही. मग मी म्हटलं, मला विचारू नको.

आपली पहिली गाठ आठवते ना? डोंबिवलीत आमच्या मंडळाची महिन्याची बैठक होती आणि माझं एकल तबलावादन होतं. ऐन वेळी पेटीवाल्याचा निरोप आला, ताप भरलाय. मेधा श्रोत्यांत होती, ती उठून म्हणाली, "माझ्या मिस्टरांना बसवू का? ते बास वाजवतात." मला काय, लेहरा धरण्याशी मतलब. तबलजी वाजवत असतो तेव्हा बाजूला कोणीतरी एकच छोटी सुरावट पुन्हा पुन्हा वाजवत राहायचं असतं, म्हणजे ताल कुठे पोचलाय ते सगळ्यांना कळतं. भिंतीवरच्या घड्याळासारखं काम. त्यात डोकं लावायचं नसतं. मी तुला सोळा मात्रांचा लेहरा गुणगुणून दाखवला, तू मान डोलावलीस. बरोबर दोनदा वाजवलास. तिसऱ्यांदा त्यातले दोन स्वर खाल्लेस, चौथ्यांदा सगळाच उलटा केलास, आणि पाचव्यांदा वाजवणं थांबवून माझ्याकडे असा बघत बसलास, जसं काही चुकलो मीच होतो. बैठक संपल्यावर मी मेधाला जरा स्पष्टच बोललो. तुला मराठी येत असेल हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. तू शांतपणे म्हणालास, "घड्याळ आहे की भिंतीवर. अजून एक कशाला?"

बरं, मराठी तरी कसलं. सासूबाईंकडून उचललेलं. सहा फुटांचा पांढऱ्या दाढीचा माणूस तार तुटली की "अगोबाई" म्हणायचा. श्रोते हसायचे आणि मी त्याच वेळी तबला पट्टीत लावायच्या खटपटीत असायचो. हातोडी कुठे मारतोय त्याकडे लक्ष राहायचं नाही.

तरी मी दुसऱ्यांदा तुझ्याबरोबर वाजवायला बसलो. का बसलो, ते नलिनीनं मला त्या वेळीच विचारलं होतं. बायकोला द्यायचं उत्तर म्हणून मी सांगितलं की पेटीवाला अजून बरा झालेला नाही. खरं कारण असं होतं की तू माझ्याकडे बघत थांबलास त्या पाचव्या आवर्तनात मला काय वाजवावं ते सुचेना, आणि असं मला कित्येक वर्षांत झालं नव्हतं. हात आपोआप चालायचे. घोटून घोटून इतकं पक्कं झालं होतं की वाजवता वाजवता मी घरच्या भाजीचा विचार करू शकत असे. तू ते बंद पाडलंस.

तालीम तू कधी करू दिली नाहीस. पट्टी सोडून काहीही आधी ठरवायचं नाही असा तुझा दंडक, आणि पट्टीसुद्धा तू उपकार केल्यासारखी सांगायचास. "ठरवलं, तर वाजवायचं कशाला? चिठ्ठी पाठवू लोकांना." मला आमच्या गुरुजींनी शिकवलेलं असं की स्टेजवर जे सहज सुचल्यासारखं वाटतं ते घरी शंभरदा वाजवलेलं असावं. आयत्या वेळी सुचलेलं वाजवणं म्हणजे आमच्याकडे भूक लागल्यावर शेती करायला निघणं. तुझ्याकडे नेमकं तेच मोठं मानतात. मला वाटायचं, हा माणूस आळशी आहे. रियाजाला नावं ठेवायची म्हणून तत्त्वज्ञान काढलंय. मग एकदा तुझ्या घरी अवचित आलो, तर आतल्या खोलीत तू एकच स्वर गजानं ओढत बसला होतास. मेधानं चहा केला, आम्ही दोघांनी घेतला, सगळ्या नातेवाइकांवर बोलून झालं, तरी तुझा तोच स्वर चालू. मी म्हटलं, "हा काय करतोय?" मेधा म्हणाली, "रियाज. सकाळपासून चाललंय, मीठ संपलंय ते सांगायलाही आत जाता येत नाही."

आणि ते तुझं कपाट. डबल बास म्हणे. माणसाहून उंच, माणसाहून रुंद, आणि माणसापेक्षा जास्त जपायचं. माझे डग्गा-तबला खांद्याच्या पिशवीत मावतात. तुझ्यासाठी टेम्पो. एकदा टेम्पो आला नाही, तर खोपटच्या डेपोत तू ते एसटीत चढवायला निघालास. कंडक्टरनं ते खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि तुला नाही, मला विचारलं, "काका, हे उभ्यानं येणार का बसून?" तू म्हणालास, "उभ्यानं." तो म्हणाला, "मग मागं जाऊन दांडी पकडायला सांगा त्याला." शहापूरपर्यंत मी त्याचा गळा धरून उभा होतो आणि तू खिडकीजवळ बसून झोपलास. कार्यक्रमात माझा डावा हात भरून आलेला. तू मला नंतर विचारतोस, आज डग्गा असा नरम का?

पण आपलं खरं भांडण समेचं. आता तू गेल्यावर तरी ते नीट मांडू दे, कारण तू असताना तू मला कधीच पुरतं बोलू दिलं नाहीस. ताल गोल फिरतो आणि पहिल्या मात्रेवर परत येतो, ती सम. सगळे वाटेल तिथे भटकून तिथे एकत्र भेटतात. आमच्या संगीतातली सगळ्यात मोठी गंमत ती. मी तिहाई घ्यायचो, एकच बोल तीनदा वाजवून तिसऱ्याचा शेवट नेमका समेवर आणायचा, आणि दर वेळी, हेन्रिक, दर वेळी मी समेवर उतरून बघतो तर तू नाहीस. मी एकटाच. स्टेशनवर न्यायला येतो म्हणून सांगितलेला माणूस आलेलाच नसावा, तसं. पुढच्या रांगेतले आपले डोंबिवलीकर, सगळे मांडीवर बोटांनी मात्रा मोजत बसलेले. त्यांच्या माना समेवर हलायच्या, टाळ्या पडायच्या, आणि तू चार-पाच मात्रांनंतर सावकाश परत यायचास. कार्यक्रमानंतर एखादे काका मला बाजूला घ्यायचे. "तुमचे साहेब सुंदर वाजवतात हो. समेला हुकतात, तेवढं बघा." मी म्हणायचो, परदेशी माणूस आहे, इतकं येतंय तेच खूप. एवढी वर्षं मी तुझ्या वतीनं दिलगिरी व्यक्त करत फिरलो.

हे भांडण बहुतेक तुझ्या घरी, वाल सोलताना व्हायचं. मेधा बिरड्यासाठी मोड आलेले वाल परातीत घालून आपल्या दोघांपुढे ठेवायची आणि निघून जायची. बोटांनी दाबून एकेक वाल सालीतून बाहेर काढायचा आणि भांडायचं. मी मांडीवर ताल धरून तुला समजवायचो, बघ, ही पंधरावी, ही सोळावी, आणि ही सम. तू एक वाल पातेल्यात टाकत म्हणायचास, "ऐक ना." बस्, पुढे काही नाही. मी वाट बघायचो की आता काहीतरी सांगेल. तू पुढचा वाल उचलायचास.

एवढंच होतं असं नाही. ते कल्याणचं आठवत असेल तुला. शाळेच्या हॉलमध्ये दुपारचा कार्यक्रम, आणि ऐन मध्यात खालच्या रस्त्यावर कुणाच्यातरी हळदीचं बेंजो पथक येऊन उभं राहिलं. ताशे, बेंजो, भोंगा, सगळा कल्लोळ. आयोजक धावत खिडक्या लावायला गेले. तू गज उचलून त्यांना थांबवलंस. "राहू दे, राहू दे. चांगलं वाजवतायत." आणि त्या बेंजोचा सूर पकडून सरळ त्याच्यामागे गेलास. माझा तबला काळी एकमध्ये लावलेला, तो बेंजो भलत्याच पट्टीत, लय आमच्या दुप्पट. मी तुझ्याकडे बघून दात-ओठ खात होतो. माझ्यापुढे दोनच वाटा होत्या, उठून जायचं किंवा वाजवायचं. मी तबला सोडून नुसत्या डग्ग्यावर गेलो, कारण डग्गा घासून सूर वर-खाली करता येतो, आणि मग काय झालं ते मला अजून नीट सांगता येत नाही. कधीही न शिकलेलं काहीतरी माझ्या हातातून येत होतं. खालचे ताशेवाले पुढे निघून गेले, आवाज हळूहळू कोपऱ्याशी विरला, आणि आपण दोघं तिथेच होतो. पुढच्या रांगेतलं कोणी मात्रा मोजत नव्हतं. त्या दिवसासाठी मी तुझा ऋणी आहे, हे मी तुला कधी म्हटलं नाही. त्या दिवशी मी म्हणालो ते इतकंच, "पुन्हा असं केलंस तर मी घरी जाईन."

तू महिनाभरातच पुन्हा तसं केलंस, तेव्हा ऋण वगैरे काही मानायचं कारण उरलं नाही.

हॉस्पिटलमध्ये तुला बघायला आलो तेव्हा तू बरा दिसत होतास. डॉक्टर म्हणाले होते, दोन दिवसांत घरी. म्हणून मी निर्धास्तपणे भांडलो. आजारी माणसाला काय विचारावं याचं भान मला नाही असं नलिनी म्हणते. मी विचारलं, "आता पळून जाता येत नाहीये तर सांग. एवढ्या वर्षांत एकदा तरी समेवर का नाही आलास? येत नव्हतं का यायचं नव्हतं?" तू हसलास आणि पुन्हा तेच, "ऐक ना रे." मी म्हटलं, ऐकतोय की, बोल. तेवढ्यात नर्स आली आणि मला भेटीची वेळ संपली म्हणून बाहेर काढलं. दोन दिवसांत तुला घरी आणलं खरं. पण असं आणतील हे कुणी बोललं नव्हतं.

तर आता श्रीकांतची ही टेप. श्रीकांतनं आग्रह धरला म्हणून मी ती एकदा लावून बघितली. दुपारी जेवणानंतर दिवाणखान्यात तबला काढून बसलो, नलिनीनं फोन त्या छोट्या स्पीकरला जोडून दिला. तू सुरू झालास. मी हात टाकला. काही क्षण बरं वाटलं. मग लक्षात आलं की मी डावीकडे वळलो तरी तू सरळच चाललायस. मी थांबलो, तू थांबला नाहीस. मी एक छानसा तुकडा टाकला आणि तू त्याला उत्तर दिलंस ते भलत्याच कशाला तरी, म्हणजे त्या दिवशीच्या माझ्या वाजवण्याला, जे आता तिथे नाही. तू माझं ऐकत नाहीस अशी मी आयुष्यभर तक्रार केली. न ऐकणारा हेन्रिक कसा असतो, हे त्या दुपारी कळलं. मी हात काढून घेतले आणि म्हटलं, बंद करा हे.

नलिनीला बंद कसं करायचं ते सापडेना. म्हणून मी नुसताच बसून राहिलो आणि सवयीनं मांडीवर ताल धरला. त्या दिवशीचा कार्यक्रम मला पाठ आहे, कुठे मी तिहाई घेतली ते आठवत होतं. पहिली तिहाई आली, तू पंधराव्या मात्रेला हात काढलास. सोळावी रिकामी, सम रिकामी. मी मनात म्हटलं, हुकला. दुसरी आली. तू पंधराव्या मात्रेला हात काढलास. तिसरी, तीच पंधरावी. केसाचाही फरक नाही. मग मी फोन हातात घेऊन ते पुन्हा पहिल्यापासून ऐकलं. चुकणारा माणूस दर वेळी वेगळ्या ठिकाणी चुकतो, हेन्रिक. एकाच जागी इतकं नेमकं थांबायला सम कुठे आहे हे माझ्याइतकंच पक्कं ठाऊक असावं लागतं. माझ्यापेक्षा जास्तच, कारण मला तिहाई घ्यायची आहे हे मला सुचायच्या आधीच तू जागा करायला लागलेला असायचास.

तुला सम कळत होती. पहिल्या दिवसापासून कळत होती. मी परातीशी बसून, मांडीवर थापा मारून, पोरांना शिकवतात तसं तुला पंधरावी-सोळावी दाखवत होतो आणि तू वाल सोलत ऐकून घेत होतास. त्या काकांपुढे मी तुला अडाणी ठरवत होतो तेव्हाही तू शेजारी उभा राहून बासला खोळ घालत होतास. एका वाक्याचं काम होतं. तोंडात काय वाल होते?

मी तसाच उठून रिक्षा, बस करत ठाण्याला मेधाकडे गेलो. तिला सगळं सांगितलं. म्हटलं, हा माणूस माझ्यासाठी सम मोकळी सोडत होता, स्वतः हुकतो असं म्हणवून घेऊन टाळ्या मला घेऊ देत होता, आणि मला पत्ता नाही. माझा आवाज चढला होता. मेधानं ऐकून घेतलं आणि हसायलाच लागली. तू गेल्यापासून मी तिला हसताना पाहिलं नव्हतं.

"सदाभाऊ, इतकं काही मोठं मन नव्हतं हो त्याचं," ती म्हणाली. "तो घरी येऊन काय सांगायचा माहितीये? म्हणायचा, सदा समेवर एकटा पडला की असा काही वैतागतो, आणि वैतागला की पुढचं असं काही वाजवतो, की मला बास खाली ठेवून ऐकावंसं वाटतं. म्हणायचा, त्याला खूश ठेवलं तर तो शिकवलेलं वाजवतो."

मग मी तिला सांगितलं की टेपबरोबर मला वाजवता येणार नाही, श्रीकांतला तू समजाव. मला वाटलं तिला वाईट वाटेल. ती म्हणाली, "टेप मलाही नकोय. तो घरात कोपऱ्याकोपऱ्यात वाजतोय माझ्या. मला तुम्हाला ऐकायचंय. पण चिडलेले. तो जे ऐकायचा, ते मला एकदा ऐकायचंय. कराल ना एवढं?"

मी हो म्हणून बसलो. आता तू सांग, यातलं खरं कुठलं? माझ्यासाठी जागा सोडत होतास का मला पेटवायला काडी टाकत होतास? आणि दोन्ही असेल, तर ते तोंडानं सांगायचं नाही अशी तुमच्या डेन्मार्कात काही शपथ घालतात का? मला विचारायला समोर तू नाहीस, आणि तू असतास तरी काय म्हणाला असतास ते मला ठाऊक आहे.

त्यानंतर रोज सकाळी तबला काढून बसतोय. हात ठीक चालतात. तिहाई घेतो, ती बिनबोभाट समेवर येते, कोणी वाट अडवत नाही, कोणी पंधराव्या मात्रेला हात काढत नाही. नलिनी परवा स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, काय हे, शाळेतल्या परेडला वाजवताय का?" तिचं बरोबर आहे. इतकं निर्दोष आणि इतकं बेचव मी जन्मात वाजवलं नव्हतं. मेधाला चिडलेला सदा ऐकायचाय आणि तबल्यापुढे बसलं की मला राग येत नाही.

म्हणून हे लिहायला घेतलं. म्हटलं, तुझे सगळे गुन्हे एकदा पहिल्यापासून मांडू, लेहरा, एसटी, बेंजो, वाल, सगळे. लिहिता लिहिता राग चढेल आणि तसाच उठून तबल्यावर बसेन. इथपर्यंत चांगला चढतही होता. पण या शेवटच्या पानावर आलो तर रागाच्या ऐवजी दुसरंच काहीतरी यायला लागलंय, आणि ते घेऊन तबल्यावर वाकता येत नाही रे. पाणी पडलं की त्याच्यावरची शाई भिजते आणि तबला बोलेनासा होतो.